तिसरी तार

कॉम्प्रेसर दारुखान्यातून आणला, भंगाराच्या भावात.
पाटीवर कोरलेलं: तीन फेज.
आमच्या मीटरला एक.

झुजे मिस्त्रीनं झाकण उघडलं,
स्टारच्या पट्ट्या फिरवून डेल्टात कसल्या
आणि शेजारी अजून एक मोटर मांडली, थोराड,
जिच्या शाफ्टला काहीच जोडलेलं नाही.
ही काय करणार?
"काय नाय. नुसती फिरणार.
ती फिरते, म्हणून तिसरी तार जिवंत होते."

दोरी गुंडाळून हातानं ओढायची,
वेग धरला की खटका.
पहिल्या रात्री गल्ली पिवळी पडली,
हौशीबायचा पंखा दमला,
तिनं खिडकीतून माझ्या सात पिढ्या मोजल्या.

म्हणून आता रात्री दीडनंतर.
हवेची नळी छपरावर,
बोंबलांच्या वलांडीपासून होईल तेवढी लांब.
काटा दोनशेला टेकायला पाऊण तास, कधी जास्त.
बाबा उठून बसतात.
वीस वर्षं पाण्याखाली काढली,
उजवा खांदा आता वर जात नाही.
डावा तळवा त्या रिकाम्या मोटरीवर ठेवतात,
म्हणतात, गरम नाही झाली.
मग तिथेच बसून राहतात.

सकाळी वेसाव्याच्या खाडीत
ट्रॉलरच्या पंख्याला गुरफटलेलं जाळं कापतो.
पाणी असं, की सुरी धरलेला हातही दिसत नाही.
दात रबरावर, आणि छातीत
आमच्या गल्लीची दीडची हवा.
फिल्टर नवा घातलाय,
तरी शपथेवर सांगतो,
काल कुणीतरी उशिरा
सुकट भाजली होती.