पुठ्ठे

मल्लिनाथच्या कादंबरीला पुरस्कार जाहीर झाला
तेव्हा मी कन्ना चौकात होतो, हातात कटिंग,
आणि पहिलं आठवलं ते पान एकशेबारा.

पान एकशेबारावर एक बाई
संपाच्या सेहेचाळिसाव्या दिवशी
नवऱ्याच्या मागाचे जकार्डचे पुठ्ठे
चुलीत सारते.
आधी मोर जळतो, मग वेल,
मग चादरीचा काठ,
भोकाभोकातून जाळ डोकावतो
आणि त्या आचेवर भात रटरटतो.

ती बाई माझी आई.
साखर पेठेतल्या खोलीवर, तेरा वर्षांपूर्वी,
मीच त्याला सांगितलं होतं.
वीज गेलेली. माग सगळे गप्प,
गल्लीला आपलाच आवाज परका वाटत होता.
तो काही बोलला नाही,
विझलेली विडी ओढत राहिला.
तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आम्ही एकाच मासिकाला कथा पाठवायचो,
एकाच पेटीत, एकाच दिवशी,
आणि कुणाची आधी साभार परत येते
यावर भज्यांची पैज.
एकदा त्याची आलीच नाही.
मी त्याला कडकडून मिठी मारली
आणि रात्री छापील कथेतल्या
ऱ्हस्वदीर्घाच्या चुका मोजल्या.
सतरा.

आता सगळे म्हणतात, बोल की लेका.
वल्लाळ सर तर म्हणाले, पत्रकार आणतो.
पण माझ्याकडे पुरावा एकच आहे:
पुठ्ठे कधी जळलेच नव्हते.

ते मालकाचे. मालक कुलपात ठेवायचा.
आई तेव्हा विड्या वळत होती
आणि चूल तर शेजारणीची, उसनी.
मोर, वेल, काठ, सगळं मी घातलं,
अंधारात, मल्लिनाथवर छाप पडावी म्हणून.
खरं असतं तर तो म्हणाला असता,
संपातल्या गोष्टी काय, घरोघरच्या.
खोटं आहे,
म्हणून तर नक्की माझं आहे.

सत्काराला त्यानं आईसाठी रिक्षा पाठवली.
पहिल्या रांगेत बसवलं. पान एकशेबारा वाचलं.
आई निम्मं मराठी कानानं ऐकते,
निम्मं बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून.
टाळ्या वाजल्या तेव्हा तिनं पदर सारखा केला.

परतताना अशोक चौकाच्या सिग्नलला
ती एकदम म्हणाली, अवुनु रा,
मोरच आधी गेला.
मी गप्प.
पण भात नव्हता तो, ती म्हणाली,
भात कुठून येणार? कण्या होत्या.
मीठ घालून.
त्याला सांग, पुढच्या वेळी नीट लिही म्हणावं.

घरी येऊन मी वही काढली.
कण्या, एवढंच लिहिलं. मग खाली, मीठ.
मग दिवा घालवला,
कुणी बघत नव्हतं तरी.

त्याला अजून सांगितलेलं नाही.