खटका

सप्टेंबरात हॉरॉक्सच्या खिंडीत
आमच्या बावीस पेट्या मधमाश्या गेल्या.
विषानं नाही, रोगानं नाही.
गिअरबॉक्सचं तेल उकळलं, गाडी चढावर बसली,
मागे ट्रेलर, आणि बघता बघता ऊन डोक्यावर.
जाळीआड त्या आधी गुणगुणत होत्या,
मग ओरडत होत्या,
मग आवाज थांबला.

अर्विननं आमचं प्यायचं पाणी सगळं पेट्यांवर ओतलं.
मी म्हणाले होते, कमी ने.
तो म्हणाला होता, गाडीला झेपतंय.
आमचा खटका उडाला तो तिथेच,
विल्मिंग्टन सहा किलोमीटर राहिलं असताना.
पुढचे तीन आठवडे आमच्या घरातलं संभाषण:
मीठ दे. दार लाव.

मग एका दुपारी शेडमधून हाक आली,
"डल्सी, चष्मा घेऊन ये. तुझा."

टेबलावर दोन पंखे समोरासमोर.
त्यानं एकच लावला.
दुसरा नुसत्या वाऱ्यावर फिरू लागला, जरा मागे मागे.
"इंजिन आणि चाकं अशी बोलतात," तो म्हणाला,
"मध्ये तेल, बाकी काही नाही.
चढावर हा जीव खाऊन ओढतो, तो घसरत राहतो,
आणि जेवढं पोचत नाही तेवढ्याची आग होते."
मी गप्प. तीन आठवडे मीठ दिलं होतं मी.

"आत एक क्लच आहे, दोघांना घट्ट बांधणारा.
पण तो लावायचं कंप्युटरच्या मर्जीवर,
आणि कंप्युटरला आपलं ओझं माहीत नाही."

बाजारात असा संच साडेसातशे डॉलरला मिळतो.
आमच्याकडे होते:
भंगारातल्या फाल्कनचे दोन रिले,
खोकल्याच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा,
मेलेल्या फ्रीझरचा हिरवा दिवा,
सासऱ्यांच्या ट्रॅक्टरवरचा एक पितळी खटका,
आणि अंड्यांच्या खोक्यावर पेन्सिलीनं काढलेलं चित्र.

त्याचा हात आता थरथरतो. कथलाचा थेंब
जागेवर पडत नाही, बाजूला पडतो.
चौऱ्याहत्तर साली मी ॲडलेडला
रेडिओच्या कारखान्यात डाग द्यायची,
दिवसाला तीनशे सांधे.
हे तो विसरला होता. खरं तर मीही.
धुराचा तो गोडसर वास नाकात गेला
आणि बोटं माझ्याआधी कामाला लागली.

"ब्रेकची वायर कुठाय?" मी विचारलं.
चित्रात नव्हती.
"पाय पडला की सुटायला नको का हे?
नाहीतर गाडी थांबताना इंजिन गुदमरणार."
तो खोक्याकडे बघत राहिला बराच वेळ.
मग पेन्सिल माझ्याकडे सरकवली.
दुसरा रिले त्यानं सुटा म्हणून ठेवला होता, अडीअडचणीला.
तो तिथे बसला.

ऑक्टोबरातल्या एका रात्री निघालो.
अठरा पेट्या. आकडा माझा.
खिंडीच्या पहिल्या वळणावर त्यानं खटका दाबला.
डब्यात टक् झालं. हिरवा दिवा.
इंजिनाचा घसा उतरला, काटा तीनशेनं खाली,
गाडीनं जणू दात रोवले.
तेल ब्याण्णव. त्र्याण्णव. चौऱ्याण्णव. तिथेच.

त्या जागेवरून गेलो तेव्हा कुणी काही बोललं नाही.
त्यानं खिडकीची काच खाली केली, एवढंच.

वरच्या वळणावर कांगारू आडवा आला.
ब्रेक. दिवा विझला. गाडी सैल,
इंजिन चालू, हळू, शहाण्यासारखं.
कांगारू आमच्याकडे पाहून निवांत गेला.
अर्विनचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.
खटका पुन्हा मी दाबला.

उजाडताना विल्मिंग्टनच्या पुढची टेकडी
साल्व्हेशन जेननं जांभळी झालेली.
जाळ्या काढल्या. त्या बाहेर आल्या,
दोन घिरट्या, जागेची ओळख, आणि गेल्या कामाला.
एक त्याच्या मनगटाला चावली. तो हसला.

खटका उलटा बसलाय. वर म्हणजे बंद.
तो म्हणतो, रविवारी खोलून सरळ करू.
मी म्हणते, राहू दे,
आता हाताला सवय झालीय.