हस्ते

साहेबाचं कातडं सहारच्या कस्टममध्ये अडकलं
तेव्हा त्यांना माझं नाव सापडलं.
ते असंच सापडतं,
कुणाचं तरी काहीतरी अडकल्यावर.

भायखळ्याचं चर्च. बाहेरून पन्नास वर्षं पाहिलेलं,
तिथून बस वळते.
चपला कुठं काढू, विचारलं
तर मिस ऑरेलिया पिंटो हसल्या,
पायातच राहू दे, म्हणाल्या.
कटकधोंडांच्या घरातला मी, चामड्याच्या धंद्यातला,
आणि चपला घालून देवासमोर.
बरं वाटलं. थोडं अवघडलोही.

ऑर्गन कसला, कपाट म्हणावं तर
त्यात माझी खोली मावेल पोटमाळ्यासकट.
नऊशे बारा नळ्या.
काही करंगळीएवढ्या,
काही पाहून बंद गिरणीची चिमणी आठवावी अशा.
जहाजातून आला, भुशात गुंडाळून,
विलायतेच्या कुठल्याशा गावाहून.
गावाचं नाव पितळी पट्टीवर आहे, हात फिरून फिरून पुसलेलं.
बाई म्हणाल्या, दम लागतो रे हिला,
लांबचा सूर धरवत नाही.
मला सुरातलं कळत नाही.
भाता कळतो.

गेंट शहरातून योरिस आलेला, हातात मापाचा चिमटा.
शून्य पॉइंट आठ, त्याहून जाड नको, म्हणाला.
मी कातडं बोटांत चोळलं, ओठाला लावलं,
म्हटलं, पाऊण भरेल.
त्यानं मोजलं. शून्य पॉइंट सात सहा.
मग दिवसभर मला चहा पाजत राहिला.

त्याला सांगितलं नाही
की हे ओठांनी मोजणं आजाचं,
बाभळीची साल आणि हिरडा घालून तो
धारावीत हौदात कमरेइतका उभा राहायचा,
आणि त्या वासामुळे शाळेत
माझ्या बाकावर दुसरं कुणी बसायचं नाही.
हौदावर आता बावीस मजले आहेत.
वास गेला. माप राहिलं.

भाता उघडला. ठिगळावर ठिगळ,
त्याखाली आणखी एक.
तीन थर सोलले तेव्हा साहेबाचं मूळचं कातडं
तळहाताएवढं निघालं, बिस्किटासारखं चुरणारं.
मूळ जपायचं असतं, योरिस म्हणत होता.
मी विचारलं, यातलं कुठलं?

मधल्या थराला कागद चिकटवलेला, मोडीतला.
दफ्तरखान्यातल्या देवस्थळी बाईंनी
भिंग धरून वाचला :
भाता दुरुस्ती. मेंढीची कातडी नग दोन.
सरस पाव शेर. हस्ते
आणि तिथं भोक.
कसरीनं नेमकं तेवढंच खाल्लेलं.
योरिस बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, कागद होता तिथंच राहू दे.

शिवण तपासायला मी उदबत्ती लावली.
सायमन धावत आला, इथं चालत नाही.
तुमचा धूप चालतो ना, म्हटलं.
तो गोंधळला, मग स्वतःच धरून उभा राहिला
घडीघडीपाशी.
धूर सरळ वर गेला.

बंद करण्याआधी आतल्या लाकडावर
पेन्सिलीनं लिहून ठेवलं, पुढच्यासाठी :
मेंढी, पाऊण मिलिमीटर, बाभूळ-हिरडा.
सरस ओला असताना घाई करू नये.
नाव टाकलं नाही.
कसर आधी तेच खाते.

रविवारी दाराशी संगमरवराची पाटी लागली,
वकिलात, बँक, दोन ट्रस्ट.
मला दुसऱ्या रांगेत बसवलं.
बाईंनी काय वाजवलं मला माहीत नाही.
लोकांनी डोळे मिटले होते, योरिस तर रडत होता.
मी शिवण ऐकत होतो.

डावीकडे, चौथ्या घडीला,
किंचित सुस्कारा.
कुणालाच ऐकू आला नाही.
बाहेर पडताना बाईंना म्हटलं,
शनिवारी येतो परत.