सव्विसावा दिवस

पहिले चार दिवस भूक आलीच नाही.
कमाटीबागेच्या दोन फेऱ्या, घाम,
आणि पोटात नुसती शांतता,
पाहुणे निघून गेल्यावरच्या खोलीसारखी.
मी मितेशला म्हटलं, जमतंय की!
तो फक्त हसला.

सातव्या दिवशी ती आली
रात्री पावणेतीनला,
चपलासुद्धा न काढता.
फ्रिजच्या उजेडात मी
अर्धी वाटी गार भात, मीठ लावून,
उभ्यानेच.
शेवउसळ नाही, जिलेबी नाही,
गार भात!

मग रोजच तिचं काहीतरी.
ऑफिसात अकराला काकडी हवी म्हणे,
तीही सालासकट.
दांडिया बाजारात फाफड्याच्या कढईपाशी थबकले
तर तेलाचा वास नुसता वास होता,
ओळखीचं माणूस समोर यावं
आणि नाव आठवू नये तसा.
वाईट वाटलं. थोडंसं.

वजन सातशे ग्रॅम कमी.
नणंद म्हणाल्या, चेहरा उतरलाय गं.

खरं सांगू?
वीस वर्षं मी घड्याळ बघून जेवले,
उरलं म्हणून जेवले,
दुसऱ्यांना आग्रह करता करता जेवले.
हिची माझी ओळखच नव्हती.

आज बागेच्या फाटकाशी
पोटऱ्या थरथरत होत्या
आणि पोटात स्वच्छ, गोल, रिकामं काहीतरी.
बाकावर बसून डबा उघडला,
अर्धी भाकरी, लसणाची चटणी.
लगेच खाल्लं नाही.
तिला म्हटलं, बस जरा शेजारी.