डाग

बुटांच्या खोक्यात सर्किटच्या पाच पाट्या,
चार हिरव्या, एक तपकिरी.
कोल्काच्या बंदरात बोटी तोडल्या त्या शरदात
लोकांनी पितळ नेलं, तांबं नेलं.
मी ह्या नेल्या.

छपरावरची अँटेना फिरवायचीय.
आठ दांड्यांची, वर्षभर एकाच दिशेला
टक लावून उभी, तिकडून कुणी येणार असल्यासारखी.
मोटर मिळाली, ट्रकच्या वायपरची.
पण तिला सांगणारं कोणी हवं:
फीर. थांब. किती फिरलीस?

पहिली सोपी. दोन रिले, बोटाने दाबले की टक् करतात.
दुसरीला जळका वास, तीस वर्षांनंतरही.
तिसरी नुसती वीज गाळते, बिचारी.
चौथी बहुधा भोंग्याची.
पाचवीच्या चिपवरचं नाव
कुणीतरी पॉलिश कागदाने घासून काढलंय.
मीटरची टोकं टेकवतो. इथे बीप. इथे गप्प.
सात तारा, त्यातल्या दोन एकाच रंगाच्या.
करणाऱ्याचं वाटोळं होवो.

मायगा बरणी परत द्यायला आली.
चष्मा कपाळावरून खाली घेतला, खोक्यावर वाकली.
"हा डाग माझा आहे."
कुठला?
"हा. आणि हा. कथिल उचलताना
शेपटी राहायची माझी. मुकादमीण ओरडायची.
हिवाळ्यात हातमोज्यांची बोटं कापून बसायचो,
दिवसाला एकशे चाळीस पाट्या."
म्हणजे ही काय करते, तुला ठाऊक असेल!
"छे. आम्हाला नंबर सांगायचे.
काम कोण सांगतंय?"

बरणी अजून तिच्या काखेतच.
मग म्हणाली, "ह्या कोपऱ्याला मात्र
तपासायला बसलेल्या पोरींचे हात भाजायचे."

तेवढं पुरलं. भाजतो तिथून मोटर.
उरलेल्या तारा दोन संध्याकाळी लागल्या.

बारा व्होल्ट दिले.
वर काहीतरी कण्हलं, कौलावरून एक समुद्रपक्षी उडाला,
आणि आठही दांड्या गोटलँड सोडून
हळूहळू सारेमाकडे वळल्या.

मी डावं बटण दाबलं होतं.

"चालतंय ना? मग हात लावू नकोस,"
मायगा अंगणातून ओरडली.
डबीवर चिकटपट्टी लावून लिहिलं:
पाटी पाच. डावं म्हणजे उजवं.
तिने पेन्सिल मागितली,
आणि शेवटच्या अक्षराला
एक शेपटी ओढली.