चित्रवर्णन

भायखळ्याला मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे,
त्याच्या पोटमाळ्यावर आमचा क्लास.
घोन्साल्विस टीचर चित्र उंच धरतात:
बाक, बाकावर माणूस, माणसाला टोपी.

द मॅन हॅज सॅट, मी म्हणते. ही हॅज वोर्न अ कॅप.
दाढेत कळ आल्यासारखे टीचर डोळे मिटतात.
इज सिटिंग, वत्सलाबाई. इज वेअरिंग.

पण तो बसलाय ना!
बसून झालं त्याचं, टोपीही घालून झाली.
एक माणूस एक टोपी किती वेळ घालत राहील?

तिसेकर हसतो. त्याला बोटीवर कुक व्हायचंय,
तो मुकाट सगळ्यांना आयएनजी लावतो,
भिंतीलासुद्धा.
मला कुलाब्यातली एक म्हातारी सांभाळायचीय,
ती कण्हते तेही इंग्रजीत.

चित्रात सगळं चालूच असतं, टीचर सांगतात.
मी उतरवून घेते.
खाली कुणीतरी रिकामं भांडं फिरवून बघतंय.

गृहपाठ होता, घरचा एक फोटो.
मी दिगूचा नेला.
भाऊच्या धक्क्यावरून उडी, गुडघे पोटाशी,
तोंड उघडं, पाणी कोपऱ्यात जरासंच.
आलोच, असं ओरडला होता,
धक्का सोडायच्या आधी.
आपल्यात असंच. न येता आलो म्हणायचं,
आणि जाताना येतो.

माझ्या मराठीत त्याने उडी मारलीय,
निथळत वर आलाय,
माझ्या पदराला तोंड पुसून भजी मागितलीयत.
ही इज जंपिंग, मी वाचलं.
करेक्ट, टीचर म्हणाल्या,
आणि तो राहिला तिथेच,
ना धक्क्यावर ना पाण्यात,
चड्डीची नाडी वाऱ्यावर.

आता कुठे असतो भाऊ?
ही हॅज गॉन टू मस्कत.
व्हेरी गुड! टीचरनी टाळी वाजवली.
दोन महिन्यांत पहिल्यांदा माझं हॅज
बसलं होतं जागेवर.

मग त्या फळ्याकडे वळल्या.
पण वाक्यात साल आलं, की हॅज काढायचं.
नुसतं वेंट. वेंट म्हणजे झालं, संपलं.
विच इयर, वत्सलाबाई?

खाली मिक्सर सुरू झाला होता.
मी कानाला हात लावून
ऐकू येत नाही अशी खूण केली.