अर्धा ठोका

तिकीट पन्नास रुपये. दारातल्या पोराने मनगटावर शिक्का मारला,
विचारलं, "अंकल, पार्किंग?"
म्हटलं, स्कूटर पुलाखाली लावलीय.
हे नाही सांगितलं, की आत टांगलेल्या कापडावरची
'टिप्पर' ही अक्षरं माझी आहेत,
'ट'चं पोट सुटलंय
कारण ब्रश चार इंची होता, बार्ज रंगवायचा.

तेव्हा आम्ही तिघे.
झेफेरिन, रोहिदास, मी.
सावर्ड्यात टायर रिट्रेडिंगची शेड, जळक्या रबराचा वास,
आणि बाहेर खनिजाचे ट्रक इतके सलग
की आमच्या आवाजाचा कुणालाच त्रास होत नव्हता.
पंकसाठी याहून वाईट काय असतं.

रोहिदासच्या घरी पहिला ट्रक आला, मग दुसरा,
चौथ्या ट्रकाला तो ड्रमवरून उठला.
त्याच्या जागी केरुबिन,
फेस्ताच्या ब्रासबँडमध्ये ढोल बडवणारा, जाड भिंगांचा.
दुसऱ्या कडव्यात घाम यायचा, चष्मा घसरायचा,
आणि तो काठीच्या बुडाने वर ढकलायचा.
तेवढ्यात अर्धा ठोका रिकामा.
झेफेरिनने आधी शिव्या दिल्या,
मग त्या रिकाम्या जागेत नुसता श्वास घ्यायला लागला.

झेफेरिनच्या आजोबाचं नाव लिस्बनच्या एका वहीत सापडलं.
सहा महिन्यांत तो स्विंडनला, गोदामात, रात्रपाळी.
गिटार आईकडे. आई त्यावर शेवया वाळत घालते
असं तो फोनवर सांगायचा; खरं नसावं.

मग सुषमा वेळीप.
नेत्रावळीची शेवटची बस सव्वासातला,
म्हणून आमची सगळी गाणी दोन मिनिटांची झाली.
मडगावचा एक जाणकार म्हणाला, काय हा संयम!
सुषमा म्हणाली, संयम नाही, कदंबा.

खाणी बंद पडल्या. रस्ता एकदम गप्प,
आणि पहिल्यांदाच शेजाऱ्यांनी आमच्याविरुद्ध तक्रार दिली.
तो कागद आम्ही फ्रेम केला.
रोहिदासच्या ट्रकांत गवत उगवलं. तो शेडमध्ये यायचा,
टायरवर बसायचा. काठ्या पुढे केल्या तर
हात खिशात घालायचा.

मला वीज खात्याची ऑर्डर आली. लाइनमन.
माझ्या जागी कोण आलं ते मी विचारलं नाही.
नंतर ऐकलं, कुणी शिरोड्याचा मुलगा, दोन वर्षं,
नंतर त्याचा चुलतभाऊ.
सुषमा शिक्षिका झाली, काणकोणात.

आमच्याकडे कुणी गेला म्हटलं
की लोक विचारतात, कुठे? बोटीवर? लंडनला?
केरुबिन गेला म्हटल्यावर कुणी विचारलं नाही.

आणि आज हे चौघे.
एकालाही मी ओळखत नाही. ड्रमवर एक मुलगी,
सतरा-अठराची, कपाळावर रिबन, डोळे मोकळे.
आमचं जुनं गाणं. शब्द बदललेत,
ट्रकाच्या जागी कॅसिनो आलाय, बरा बसतो.
पहिलं कडवं नीट.
दुसऱ्यात, तिसऱ्या ओळीपाशी,
तिचा हात हवेत थांबला.
अर्धा ठोका.
कुणी काही वर ढकललं नाही,
आणि गाणं पुढे पडलं, धाडकन,
जसं पडायचं तसंच.

माझा डावा हात खिशात तार दाबत होता.
खांबावर चढून चढून बोटं आडमुठी झालीत,
त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

नंतर ती बाहेर पाणी पीत होती. विचारलं,
तिथे थांबतेस का?
"गाणं तसंच आहे ना, अंकल. आधीच्या ड्रमरने शिकवलं.
त्याला त्याच्या आधीच्याने. चुकतं का?"
म्हटलं, नाही गं. चष्मा.
"काय?"
तोवर फोन वाजला. केप्याचा फीडर उडाला होता,
आणि पुलाखाली स्कूटरला
कुणीतरी आपली स्कूटर आडवी लावलेली.